बोरी अरबचे तीन तुकडे

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब नावाचे एक गाव आहे. महाराष्ट्रात बोरी नावाची गावे इतकी आहेत की, महसुली दप्तरात ती एकमेकांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून नावापुढे काही ना काही उपपद जोडावेच लागते. कोठे खुर्द, कोठे बुद्रुक, येथे अरब. हे नाव जोवर तलाठ्याच्या वहीत शाईने लिहिले जात होते तोवर ते दोन शब्दांचे आहे याविषयी कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. परंतु हेच नाव संगणकाला दिले, आणि पायथन या आज सर्वत्र प्रचलित असलेल्या संगणकभाषेतील शोधसाधनाला ‘यातील शब्द वेगळे करून दाखव’ अशी आज्ञा केली, तर उत्तरादाखल तीन शब्द हाती येतात: ब, र आणि अरब. ‘अरब’ या शब्दाला काना, मात्रा, वेलांटी काहीच नसल्यामुळे तो अखंड राहतो. ‘बोरी’च्या मात्रा मात्र शब्दाबाहेरच्या ठरून गळून पडतात आणि मागे दोन सुटी व्यंजने उरतात. दारव्ह्याची अवस्था याहून वाईट होते, कारण त्याचे द, रव आणि ह असे तीन भाग पडतात. आणि यवतमाळ हे जिल्ह्याचे ठिकाणदेखील यवतम आणि ळ असे दुभंगते.

यंत्र चुकले, असे म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. यंत्राने आपल्याला घालून दिलेल्या नियमाचे तंतोतंत पालन केले. तो नियम काय आहे हे माणसाला सांगण्याचे काम ज्या मार्गदर्शक पुस्तिकेकडे होते तिने मात्र अनेक वर्षे असे आश्वासन दिले होते की, ‘शब्दातील चिन्ह’ या सदरात जगातील कोणत्याही भाषेच्या शब्दात येऊ शकणारी बहुतेक चिन्हे समाविष्ट आहेत. त्या एका ‘बहुतेक’च्या बाहेर मराठीचे सगळे काने, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण एवढा परिवार उभा राहिला होता. अशी विधाने कशी लिहिली जातात, ती चुकीची आहेत हे कोणाच्या आणि केव्हा ध्यानात येते, आणि त्यांची दुरुस्ती होते म्हणजे नेमके काय होते, याचा वृत्तान्त पाऊणशे वर्षांचा आहे. आणि त्याच्या उत्तरार्धात देवनागरी लिपीचा संबंध इतका निकटचा आहे की मराठी वाचकाने तो परका म्हणून बाजूला ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

ज्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात तो वस्तुतः शोधाचा एक नमुना असतो. मजकुरात काय हुडकावयाचे त्याचे अक्षरांनी आणि मोजक्या खुणांनी केलेले वर्णन. साधे अक्षर स्वतःचाच बोध करून देते; टिंब कोणत्याही एका अक्षराचा; तारका तिच्या मागे असलेल्या घटकाच्या शून्य किंवा अधिक आवृत्तींचा; चौकटी कंसात मांडलेली अक्षरे त्यांपैकी कोणत्याही एकाचा; आणि उलटी तिरपी रेघ काढून तिच्यापुढे ‘डब्ल्यू’ हे रोमन अक्षर लिहिले तर ती जोडी ‘शब्दात येणाऱ्या कोणत्याही एका चिन्हा’चा. या शेवटच्या जोडीला येथे शब्दखूण असे नाव देऊन चालू.

या विद्येचा उगम संगणकात नाही, मज्जातंतूंच्या अभ्यासात आहे. वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रतिरूप मांडले होते. त्या जाळ्याला कोणत्या घटनामालिका ओळखता येतील आणि कोणत्या येणार नाहीत, या प्रश्नाचा विचार स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ च्या उन्हाळ्यात रँड कॉर्पोरेशन या संस्थेत केला, आणि त्याचे टिपण १९५६ साली प्रिन्स्टनच्या एका लेखसंग्रहात प्रसिद्ध झाले. ज्या घटना असे जाळे ओळखू शकते त्यांना त्याने ‘रेग्युलर’ हे विशेषण दिले, आणि याहून अधिक अर्थवाही नाव कोणी सुचविल्यास त्याचे स्वागत होईल असेही तेथेच नमूद करून ठेवले. नाव कोणी बदलले नाही. आवृत्तीची तारका मात्र क्लीनीचीच, आणि ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

कागदावरची ही कल्पना केन टॉम्प्सन याने संगणकात उतरविली. १९६८ सालच्या जूनमध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या लहानशा निबंधात नमुन्याचे रूपांतर आयबीएम ७०९४ या यंत्राच्या आज्ञांमध्ये कसे करावे ते दाखविले होते. पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली उभी राहिली तेव्हा तिच्या ‘ईडी’ नामक संपादकात नमुनाशोध आला, आणि १९७३ साली ‘ग्रेप’ हे स्वतंत्र शोधसाधन निघाले.

याच युनिक्सच्या पुस्तिकेपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती एक अपूर्व वस्तू आहे. टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीत प्रत्येक आज्ञेसाठी एक पृष्ठ असून त्यावर ठरावीक सदरे आहेत: आज्ञेचे नाव, ती लिहिण्याची रीत, वर्णन, संबंधित दस्तऐवज, आणि शेवटाकडे ‘बग्ज’, म्हणजे दोष. जी वस्तू आपण लोकांच्या हाती देत आहोत तिच्यात आपल्याला ठाऊक असलेले वैगुण्य कोणते, हे त्याच कागदावर, वर्णनाच्या बरोबरीने, कायमचे सदर ठेवून सांगण्याची ही पद्धत त्या काळच्या यंत्रविक्रेत्यांच्या पुस्तिकांना परिचित नव्हती. विक्रेता दोष लपवितो आणि ग्राहक ते शोधून काढतो, हा सर्वमान्य व्यवहार होता. ज्यांना काही विकावयाचे नव्हते आणि जे आपली साधने शेजारच्या खोलीतील सहकाऱ्यांसाठी लिहीत होते, त्यांना लपविण्यासारखे काही वाटले नाही. आणि त्या निर्मळपणाचा लाभ पुढच्या दोन पिढ्यांना झाला.

कारण दोष तर लौकरच साचू लागले. ‘ईडी’मध्ये आरंभी साधा कंस हे एक सामान्य अक्षर होते. पुढे नमुन्याचे भाग कंसात घालून त्यांचे गट पाडण्याची सोय करावयाची ठरली, तेव्हा अडचण अशी उद्भवली की लोकांच्या दप्तरी आधीच पडलेल्या शेकडो नमुन्यांत कंस हा केवळ कंस म्हणून वापरला गेला होता. त्याला नवा अर्थ दिला असता तर ते सारे एका रात्रीत निकामी झाले असते. म्हणून नवा अर्थ उलटी तिरपी रेघ लावलेल्या कंसाला देण्यात आला आणि बिनरेघेचा कंस पूर्ववत साधे अक्षर ठेवण्यात आला. अ‍ॅल अहो याने ‘ईग्रेप’ हे नवे साधन रचले तेव्हा त्याच्यापुढे जुन्या नमुन्यांचे ओझे नव्हते. त्याने साध्या कंसाला गटाचा अर्थ दिला, आणि रेघेचा कंस हा अक्षरशः कंस मानला. एकाच घरात एकाच खुणेचे परस्परविरुद्ध दोन अर्थ नांदू लागले ते तेव्हापासून, आणि १९९२ साली पोसिक्स या मानकाने ते मिटविण्याऐवजी दोहोंनाही सनद दिली: एक ‘मूलभूत’ नमुन्यांची रीत, दुसरी ‘विस्तारित’ नमुन्यांची.

या मानकाचे एक परखड टीकाकार हेन्री स्पेन्सर होत. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या या गृहस्थांनी १९८६ साली नमुनाशोधाचे एक स्वतंत्र ग्रंथागार लिहून ते सर्वांना मुक्तहस्ते वाटले होते, आणि लॅरी वॉल याने आपल्या पर्ल भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत तेच घेतले होते. पोसिक्स आल्यावर स्पेन्सरनी त्याबरहुकूम दुसरे ग्रंथागार रचले आणि त्याला जोडून नमुन्यांच्या व्याकरणाचे एक पृष्ठ लिहिले. त्या पृष्ठाचे दोष-सदर ज्याने वाचले नाही त्याने तांत्रिक गद्यातील एक उत्कृष्ट उतारा वाचला नाही असे मी म्हणेन. नमुन्यांच्या दोन जाती असणे हा गोंधळ आहे, हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले. मागे सापडलेला मजकूर पुन्हा जसाच्या तसा शोधण्याच्या सोयीची व्याख्या किती संदिग्ध आहे हे दाखविण्यासाठी एक नमुना आणि एक शब्द समोर ठेवून, हा नमुना या शब्दाला जुळतो की नाही ते मानकाच्या आधारे सांगा, असा प्रश्न त्यांनी वाचकालाच विचारला. आणि बंद होणाऱ्या कंसाविषयी त्यांनी असे लिहिले की, उघडणारा कंस मागे नसेल तर बंद करणारा कंस साधे अक्षर समजावे असे मानक म्हणते खरे, परंतु तो कोणाचा निर्णय नसून शब्दरचनेत अनवधानाने झालेली चूक आहे. ती सुधारली जाण्याचा संभव आहे. तेव्हा तिच्यावर विसंबू नये.

ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण तीत दुरुस्तीकाराचे तीन धर्म एकत्र आले आहेत. मूळ मजकुरात काय आहे ते त्याने जसेच्या तसे सांगितले. तो मजकूर अभिप्रेत अर्थाहून कसा भिन्न आहे ते सांगितले. आणि या दोहोंच्या दरम्यान उभ्या असलेल्या सामान्य वापरकर्त्याने आज काय करावे तेही सांगितले. पुढे घडले ते निराळेच. मानकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत, जोडीचा कंस मागे असेल तेव्हाच बंद करणाऱ्या कंसाला विशेष अर्थ आहे, ही तरतूद राहिलीच. दरम्यान तीवर विसंबणारी साधने झाली होती, आणि अनवधानाने पडलेले वाक्य कायदा होऊन बसले.

व्याकरणाच्या आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ते स्मरण उपरे नाही. पाणिनीचे सूत्र हे अत्यल्प खुणांनी लिहिलेले भाषिक रूपांचे वर्णनच आहे. त्याचे अच्, हल् हे प्रत्याहार म्हणजे चौकटी कंसात मांडलेले वर्णगणच होत. आणि संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या आधुनिक पद्धतीला पाणिनीचे नाव जोडले जावे अशी सूचना पीटर इंगरमन याने १९६७ साली केली होती हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. सूत्रात काय सांगितले, काय सांगावयाचे राहिले आणि काय चुकीचे सांगितले गेले, याची चिकित्सा करणारे ते वार्तिक, अशी वार्तिकाची व्याख्या परंपरेने केली आहे. या चिकित्सेचा हेतू काय, याविषयी एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. गोल्डस्ट्यूकर या संस्कृत पंडिताने कात्यायनाला पाणिनीचा प्रतिपक्षी ठरविले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न याने १८७६ साली मुंबईस प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हे मत खोडून काढले आणि असे दाखविले की, वार्तिककार सूत्रांचे समर्थनही करतो, न्यून असेल तेथे भरही घालतो आणि चूक असेल तेथे ती सुधारतोही. कीलहॉर्नने पुढे १८८० ते १८८५ या काळात मुंबई संस्कृत मालेत महाभाष्याची जी चिकित्सक आवृत्ती काढली ती याच दृष्टीने. आणि महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी महाभाष्याचे मराठी भाषांतर करून ही सगळी चर्चा आपल्या भाषेत आणली. पाणिनीचे सूत्र न पुसता त्याखाली वार्तिक, वार्तिकाखाली भाष्य अशी रचना ठेवल्यामुळे चूक कोठे होती आणि ती कोणी, कोणत्या कारणाने सुधारली, हे दोन सहस्र वर्षांनंतरही वाचता येते.

संगणकाच्या क्षेत्रात असे भाष्य लिहिणारे थोडे. परंतु आर्नल्ड रॉबिन्स हे त्यांपैकी एक आहेत. ‘गॉक’ या साधनाची आणि त्याच्या विस्तृत मार्गदर्शिकेची देखभाल ते अनेक वर्षे करीत आले आहेत. चौकटी कंसात दोन अक्षरांमध्ये आडवी रेघ घातली की पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची सगळी अक्षरे, असा पूर्वापार अर्थ. पण ‘पर्यंत’ म्हणजे कोणत्या क्रमाने? यंत्रातील संकेतांकांच्या क्रमाने, असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि म्हणूनच ते कोणी लिहिले नव्हते. १९९२ च्या मानकाने त्या त्या प्रदेशाच्या कोशक्रमाला मान्यता दिली. आणि कोशात तर धाकटे व थोरले रोमन अक्षर शेजारी शेजारी बसते. परिणामी धाकट्या अक्षरांसाठी लिहिलेल्या नमुन्यात थोरली अक्षरे घुसू लागली, आणि लोक गॉक बिघडले अशा तक्रारी वर्षानुवर्षे पाठवू लागले. २००८ च्या मानकाने शेवटी माघार घेऊन मूळ प्रदेशव्यवस्थेबाहेर या क्रमाचा अर्थ अनिश्चित ठरविला, आणि गॉकने २०११ च्या चौथ्या आवृत्तीत संकेतांकांचा जुना क्रम पुन्हा स्वीकारला. रॉबिन्स यांनी केवळ नियम बदलून समाधान मानले नाही. या सगळ्या प्रकरणाची हकीकत एक स्वतंत्र विभाग करून मार्गदर्शिकेतच समाविष्ट केली, आणि त्याला ‘दीर्घ आणि दुःखद कथा’ असेच नाव दिले.

ही कथा मराठीला किती लागू पडते ते पाहण्यासाठी [क-ह] एवढा लहानसा नमुना पुरे. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ येतो आणि मग क्ष, ज्ञ. तेव्हा शाळेत वर्णमाला शिकलेला मनुष्य असे समजेल की या नमुन्यात ळ येणार नाही. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेताच्या देवनागरी कोष्टकात मात्र ळ हा ल च्या लगेच नंतर, ह च्या पुष्कळ आधी बसविलेला आहे; म्हणून तो येतो. त्याच्याबरोबर नुक्ता लावलेला न आणि तमिळसाठी योजलेला नुक्त्याचा ळ ही मराठीस अपरिचित अक्षरेही येतात. क्ष आणि ज्ञ ही तर कोष्टकात स्वतंत्र अक्षरेच नाहीत. क्ष ही क, पायमोड आणि ष अशा तीन चिन्हांची मालिका आहे, आणि पायमोडीची खूण या मर्यादेत नसल्यामुळे नमुना मध्येच तुटतो. पुन्हा ‘ॲ’ हे अक्षर पाहा. मराठीच्या गरजेसाठी ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, आणि तोवर जुन्या घरात जागा न उरल्यामुळे ते अंकांच्याही पलीकडे जाऊन बसले. सर्व स्वर-व्यंजने पकडण्यासाठी [अ-ह] असा नमुना सुचविणाऱ्या कोणत्याही मार्गदर्शनात ‘ॲ’ने आरंभ होणारा प्रत्येक शब्द आरंभीच सुटतो.

ही मांडणी कोणाच्या लहरीतून आलेली नव्हे. भारतीय लिप्यांसाठी केलेल्या इस्की या संकेताची एक आवृत्ती १९८८ साली ठरली आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. सर्व भारतीय लिप्या एकाच आराखड्यात बसाव्यात, म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाणे सुकर व्हावे, असा त्यामागचा हेतू होता, आणि पुण्याच्या सी-डॅकने तो संकेत घरोघर पोहोचविला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरात निघाली तिने देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला. या आराखड्यात व्यंजन आणि मात्रा ही पृथक चिन्हे आहेत: ‘बोरी’ हा शब्द ब, ओकार, र, ईकार अशा चार चिन्हांनी साठविला जातो. व्याकरणदृष्ट्या यात गैर काही नाही. गैर झाले ते पुढे, या चिन्हांना वर्ग देताना. युनिकोडने व्यंजनांना आणि स्वरांना ‘अक्षर’ या वर्गात घातले. मात्रांना मात्र ‘जोडचिन्ह’ या वर्गात, आणि त्याचेही दोन उपवर्ग केले. काना, वेलांट्या, ओकार, औकार, विसर्ग ही ओळीत स्वतःची रुंदी घेणारी चिन्हे, म्हणून ती ‘जागा घेणारी’; उकार, एकार, ऐकार, अनुस्वार, पायमोड ही अक्षराच्या वर वा खाली बसणारी, म्हणून ती ‘जागा न घेणारी’. टंक घडविणाऱ्या कारागिराला हा भेद अत्यावश्यक आहे. शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

पायथनने शब्दखुणेची व्याख्या करताना अक्षर, अंक आणि अधोरेषा एवढेच वर्ग घेतले. जोडचिन्हे घेतली नाहीत. ज्यांनी ही व्याख्या केली त्यांच्यापुढे फ्रेंच, जर्मन, फार तर रशियन मजकूर असावा. तेथे स्वरचिन्हासह संपूर्ण अक्षराला स्वतंत्र संकेतांक असतो, त्यामुळे उणीव दिसतच नाही. २००७ साली एका वापरकर्त्याने देवनागरी मजकुराचा दाखला देऊन पायथनच्या दोषनोंदवहीत तक्रार लिहिली. २०११ साली पर्लच्या ग्रंथकारांपैकी टॉम ख्रिश्चन्सन यांनी तोच मुद्दा अधिक तीव्रतेने मांडला: युनिकोडच्या अठराव्या तांत्रिक मानकात शब्दखुणेची व्याख्या स्पष्ट आहे, तीत वर्णात्मक चिन्हे, सर्व जोडचिन्हे, दशमान अंक, जोडणारी विरामचिन्हे आणि अक्षरे जोडणाऱ्या वा तोडणाऱ्या अदृश्य खुणा यांचा समावेश आहे, आणि पायथनची व्याख्या तिच्याशी विसंगत आहे. पर्लने ती व्याख्या पाळली होती. जावाने त्याच वर्षी सातव्या आवृत्तीत ती ऐच्छिक म्हणून उपलब्ध करून दिली. पायथनचा मूळ नियम मात्र बदलला नाही. मॅथ्यू बार्नेट यांनी ‘रेजेक्स’ नावाचे जे पर्यायी ग्रंथागार रचले त्यात ही तक्रार क्रमांकानिशी नमूद करून शब्दाची व्याख्या विस्तारण्यात आली, आणि तेथे ‘बोरी’ अखंड राहतो.

नियम न बदलण्यालाही कारण आहे. कोणत्या अज्ञात दप्तरातील कोणता नमुना जुन्या अर्थावर उभा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ‘ईडी’तील कंसाची अडचण तीच होती. परंतु नियम राखावयाचा तर त्याचे वर्णन तरी खरे असले पाहिजे, आणि ती दुरुस्ती पायथनने केली. ‘कोणत्याही भाषेच्या शब्दात येणारी बहुतेक चिन्हे’ हे मोघम विधान काढून, ‘अमुक कसोटीने जी चिन्हे अक्षर वा अंक ठरतात ती सर्व, आणि अधोरेषा’ असा निश्चित मजकूर तेथे घालण्यात आला. नव्या विधानात औदार्य कमी आहे. पण ज्याला बोरी अरबचे तुकडे झालेले दिसले आहेत त्याला ते कोठे आणि का झाले हे आता पुस्तिकेवरून ताडता येते. एवढ्या एका वाक्याच्या दुरुस्तीला मी मोठी गोष्ट समजतो.

दुरुस्तीतही चूक राहू शकते, याचे उदाहरण पीसीआरई या ग्रंथागाराचे आहे. केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांनी १९९७ साली ते आपल्या एक्झिम या टपालवाहक प्रणालीसाठी लिहिले, आणि पर्लसारखे नमुने इतर भाषांतही चालावेत या हेतूने लिहिलेल्या या ग्रंथागाराचा प्रसार इतका झाला की पीएचपीमध्ये लिहिलेली असंख्य संकेतस्थळे त्यावरच चालतात. त्यातही युनिकोडच्या वर्गांनुसार शब्दखूण चालविण्याची सोय होती, पण तीत जोडचिन्हे नव्हती. २०२४ साली निघालेल्या १०.४३ या आवृत्तीत ‘जागा न घेणारी’ जोडचिन्हे शब्दखुणेत घेण्यात आली, आणि या बदलामुळे आपण पर्लशी सुसंगत झालो असे पुस्तिकेत नमूद करण्यात आले. पर्ल तर दोन्ही उपवर्ग घेते. ‘जागा घेणारी’ चिन्हे बाहेरच राहिली. याचा मराठी गावांवर झालेला परिणाम विलक्षण आहे. ‘मुंबई’त उकार आणि अनुस्वार, ‘पुणे’त उकार आणि एकार, ही सगळी वर-खाली बसणारी चिन्हे, म्हणून ही दोन्ही नावे अखंड झाली. ‘बोरी’तील ओकार आणि ईकार, ‘यवतमाळ’मधील काना, ‘दारव्हा’तील दोन्ही काने ही ओळीत जागा घेणारी, म्हणून ही नावे पूर्वीसारखीच तुटत राहिली. दारव्ह्याची पायमोड आत आल्यामुळे तीन तुकड्यांऐवजी दोन झाले, इतकाच काय तो फरक. मुंबई-पुण्याच्या नावांवर चाचणी घेणाऱ्याला बदल यशस्वी झाला असेच दिसेल, आणि म्हणूनच हा दोष मोघम वाक्याहूनही अधिक घातक आहे.

वऱ्हाड या शब्दाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. त्यातील अर्धा र मराठीला आणि नेवारीला लागतो, हिंदीला लागत नाही. तो नुक्त्याच्या ऱ ला पायमोड लावून लिहावा असा युनिकोडचा नियम. पण दुसऱ्या आवृत्तीच्या काळात साधा र, पायमोड आणि अक्षरे जोडणारी एक अदृश्य खूण अशी रीत रूढ झाली होती, म्हणून तीही ग्राह्य ठेवण्यात आली. शिवाय नुक्त्याचा ऱ हा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही साठविता येतो. कागदावर तिन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात. पहिले आणि तिसरे रूप प्रमाणीकरणाने एक करता येते. अदृश्य खुणेचे रूप कोणत्याही प्रमाणीकरणाने त्यांच्याशी एक होत नाही, आणि एका रूपाने शोधले असता दुसरे सापडत नाही. युनिकोडच्या ग्रंथात हे दोन्ही नियम एकाखाली एक दिलेले आहेत आणि दुसरा केवळ जुन्याशी जुळते राहावे म्हणून आहे असा खुलासाही आहे. नमुनाशोधाच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी तो खुलासा आपल्याकडे आणलेला नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्या उल्लेखातच हा अर्धा र येतो अशा माणसांच्या, नोंदी ज्या दप्तरांत आहेत तेथे हे मौन परवडणारे नाही.

म्हणून मराठीत लिहिल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकांसाठी ‘दोष’ या सदराखाली पुढील कलम घालावे अशी माझी सूचना आहे. शब्दखूण देवनागरी मजकुरात वापरण्यापूर्वी, आपले साधन दोन्ही प्रकारची जोडचिन्हे तीत धरते की नाही हे ‘पुणे’ आणि ‘बोरी’ अशा दोन्ही घडणींच्या शब्दांवर पडताळून पाहावे. धरत नसल्यास शब्दखुणेऐवजी अक्षर, जोडचिन्ह आणि अंक हे वर्ग नमुन्यात स्वतः नावानिशी मांडावेत, आणि जोडणारी व तोडणारी अदृश्य खूण त्यांत मिळवावी. [अ-ह] आणि [क-ह] या मर्यादा संकेतांकांच्या क्रमाने चालतात, वर्णमालेच्या नव्हे. ‘ॲ’ त्यांच्या बाहेर आहे आणि ळ आत आहे. अर्ध्या र ची तिन्ही रूपे शोधावीत. या कलमातील विधान ज्या साधनाच्या ज्या आवृत्तीवर पडताळले तिचा क्रमांक शेजारी लिहावा, आणि आवृत्ती बदलली की जुनी नोंद न खोडता तिच्याखाली नवी लिहावी.